एका घरावरचे दोन ठिपके

माझ्या पुस्तकांत नकाशे फार कमी असतात, ही माझ्याविषयीची जुनी तक्रार. मी राजकीय भूगोलाची अभ्यासक. सोव्हिएत संघ फुटला आणि त्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत जे नवे देश उभे राहिले, तिथलं राजकारण, तिथले धर्म आणि तिथल्या लढाया यांवर मी सारं आयुष्य लिहीत आले. कुठल्या खोऱ्यात कोण कुणावर बंदूक रोखून उभं राहिलं, कुठलं प्रार्थनास्थळ आधी कुणाचं होतं आणि मग कुणाचं झालं, हे मी पानंच्या पानं सांगते. पण कुठलं घर कुठल्या धर्माचं हे दाखवणारा नकाशा माझ्या एकाही पुस्तकात सापडायचा नाही. परीक्षक चिडायचे. या बाईंना नकाशा काढता तरी येतो का, इथवर मजल गेली होती. येतो. फार चांगला येतो. माझ्या हातून निघालेला सगळ्यात देखणा नकाशा मी तेविसाव्या वर्षी काढला, चामोर्शीजवळच्या आमच्या गावाचा. त्याचं पुढे काय झालं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता आत्या नाही, बाबा नाहीत, देवाजीभाऊही नाहीत. माझेही गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात. न लिहिता जायला मन घेत नाही, म्हणून लिहिते.

आमचं बिऱ्हाड ऊर्जानगरला होतं. बाबा वीज केंद्रात बॉयलरवर होते, आणि आमच्या घराचं घड्याळ म्हणजे त्यांची पाळी. पहिल्या पाळीला ते निघाले की क्वार्टरांच्या रांगेतून सायकलींच्या घंट्या एकामागून एक वाजत जायच्या आणि मागून कंपनीची बस धुराचा फुत्कार टाकत वळायची. बाहेरच्या खोलीत, आमच्या प्रत्येक घरात असतात त्या दोन तसबिरींच्या शेजारी, बाबांनी चंद्रपूरच्या फुटपाथवरून आणलेला जगाचा नकाशा चिकटवलेला होता. त्यात सोव्हिएत संघ गुलाबी रंगात असा पसरलेला की बाकीचं जग त्याच्या कडेला अंग चोरून बसल्यासारखं वाटायचं. तो देश फुटला त्या दिवसांत वर्तमानपत्रात नव्या देशांचा बोटभर नकाशा छापून आला होता. बाबांनी तो कापून ठेवला, सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढले आणि निळ्या बॉलपेनने त्या गुलाबी रंगावर नव्या सरहद्दी काढायला लागले. खाली उभी राहून आई म्हणाली, "रेघा वाकड्या येऊन राह्यल्या ना. पट्टी घ्या." बाबा वरूनच म्हणाले, "तिथी डोंगर हायेत. पट्टीनं कशा येतीन?" मग खाली उतरून, दोन पावलं मागे सरकून, त्यांनी त्या रेघांकडे असं पाहिलं जसं माणूस स्वतः बांधलेल्या भिंतीकडे पाहतो. मी भूगोलाकडे वळले ती त्या दिवशी. पुढे माझ्या शिक्षणाचं कारण कुणी विचारलं की मी मोठमोठी कारणं द्यायची, पण खरं कारण ते स्टूल आणि ते बॉलपेन.

नागपूरला एम. ए. झालं आणि मला दिल्लीला संशोधनासाठी प्रवेश मिळाला. विषय ठरला तो त्याच डोंगरातल्या एका खोऱ्याचा. तिथे दोन धर्मांची गावं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या बांधाला बांध लावून नांदत होती, सोव्हिएत सत्ता गेल्यावर त्यांच्यात लढाई पेटली आणि मग कुणीच न जिंकता ती थांबली. माझे मार्गदर्शक सर शिस्तीचे. ते म्हणाले, परदेशात जाण्याआधी तुझी प्रश्नावली एखाद्या ओळखीच्या गावात तपासून घे. घराघरांत जा, कोण कुठल्या धर्माचं, कुठल्या पूजास्थानी जातं, वर्षात कुठल्या जत्रेला जातं हे विचार आणि घरवार नकाशा काढून आण. ओळखीचं गाव माझ्याकडे एकच होतं. माघ महिन्यात मी चामोर्शीची एसटी पकडली.

गावातल्या घरात सगुणाआत्या राहायची. बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, आणि बाबा नोकरीला गेल्यापासून धानाची शेती तिनेच ओढलेली. ते लाखोळी उपटायचे दिवस होते. अंगणात वाळत घातलेल्या वेलांच्या सुक्या शेंगा वारा आला की खुळखुळायच्या, आणि आत्या त्यांवर काठी चालवता चालवता माझ्याशी बोलायची. जेवायला लाखोळीची डाळ, भात, अंबाडी, आणि माझ्यासाठी म्हणून वाळलेले झिंगे भाजून त्यात कांदा. आत्याला उंची नव्हती, आवाज मात्र असा की बांधावरून हाक मारली तर नाल्यापलीकडे ऐकू जावी. रोज दिवेलागणीला ती हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून विहारात जायची. विहाराची किल्ली तिच्याच पदराला. कुलूप उघडायचं, झाडायचं, मेणबत्ती लावायची आणि वस्तीतल्या बायांपोरांना जमवून वंदना सुरू करायची. आजोबा नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची होती. परत आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले, त्या वेळी टोपलीचा एक कान तिच्या हातात होता असं ती अभिमानाने सांगायची. वैशाख पुनवेला विहारात तिच्या हातची खीर असायची. चारोळी घातलेली. सारी वस्ती ती खीर बोटं चाटून खायची, आणि वस्तीतले सगळ्यांत मोठे, आजोबांबरोबर नागपूरला चालत गेलेले देवाजीभाऊ तर वाटी दुसऱ्यांदा पुढे करायचे. एवढी चारोळी आमच्याकडे येते कुठून, हे कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पंधरा दिवसांत मी गाव पालथं घातलं. लोकांना माझी गंमत वाटायची. "सगुणाबाईची भाची दिल्लीची मास्तरीण होऊन राह्यली," म्हणत खाट टाकायचे, चहा द्यायचे आणि मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचे. कुणबीपुऱ्यात, गोंडांच्या चार घरांत, आमच्या वस्तीत, सगळीकडे सारखाच कागद, सारखेच प्रश्न. आमचं घर मी शेवटी घेतलं. आत्या काठी खाली ठेवून, हात पुसून, माझ्यासमोर अगदी शाळेतल्यासारखी बसली.

"धर्म?" मी विचारलं.

"बौद्ध. माईत नाई का तुले?"

"विचारावंच लागते, आत्या. कुठल्या ठिकाणी जाता?"

"विहारात. रोज."

"वर्षात कुठल्या जत्रेला?"

आत्या म्हणाली, "मारकंड्याले जातो. शिवरातीले. दरसाली."

मी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. आमच्या घरातून मार्कंड्याच्या जत्रेला कुणी जात नाही हे मी जन्मापासून ऐकलेलं. "लिहू?" मी विचारलं.

"लिही ना. तुले कायले खोटं सांगू? तुही परीक्षा हाय."

मी लिहिलं. पुढचा प्रश्न शौचालय आहे का, असा होता. तो विचारला.

नकाशा मी घरातल्या जमिनीवर पालथी पडून काढला. चार मोठे कागद जोडलेले. नाला निळा, धानाच्या बांध्या फिक्या हिरव्या, प्रत्येक घराचा चौकोन प्रमाणात, विहिरी, आंबे, मोहाची झाडं सगळं जिथल्या तिथे. विहारात जाणाऱ्या घरावर निळा ठिपका, देवळात किंवा देवाच्या जत्रेला जाणाऱ्यावर केशरी, रानातल्या पेनांना, म्हणजे गोंडांच्या देवांना, मानणाऱ्यावर हिरवा. कोपऱ्यात चौकट करून ठिपक्यांचा अर्थ सुवाच्य अक्षरात लिहिला. आमच्या घरावर दोन ठिपके पडले. निळा आणि त्याला चिकटून केशरी. मला त्या दोन ठिपक्यांचा आनंदच झाला होता, हेही आज लिहायला हवं. सर खूश होतील, एकाच घरात दोन श्रद्धा, हाच तर माझ्या विषयाचा गाभा, असं काहीसं माझ्या डोक्यात चाललं होतं.

माघी पुनवेला बाबा सुट्टी काढून आले. नकाशा उलगडला आणि त्यांचे डोळे भरले. आमच्या गावाचा असा कागद कुणी कधी पाहिलाच नव्हता. सातबारा पाहिलेला, पण तिथे गाव कुठे दिसतं? "विहारात लावू," ते म्हणाले. "लोकं जमतीन आज. पाहू दे पोरीचं काम." मी नको म्हटलं नाही. मला हवंच होतं ते. वंदनेनंतर सगळे भिंतीपाशी दाटले. आपापलं घर शोधत होते, आपला आंबा दाखवत होते, "अरे, माही विहीर घेतली पोरीनं" म्हणून हसत होते. कुणीतरी तरुण पोरगा कोपऱ्यातली चौकट मोठ्याने वाचू लागला. निळा म्हणजे हे, केशरी म्हणजे हे. मग त्याचं बोट वस्तीवरून फिरत फिरत आमच्या घरावर येऊन थांबलं. हसण्याचा आवाज मागच्या लोकांत अजून चालूच होता, पुढचा बंद झाला. आत्या खिरीच्या भांड्यापाशी पळी घेऊन उभी होती. तिने वर पाहिलं नाही, वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहाराच्या ओट्यावर बैठक बसली. देवाजीभाऊंना वाईट ठरवून मला मोकळं होता येत नाही. त्यांच्या बापाला एका गावी देवळाच्या पायरीला हात लागला म्हणून पोरादेखत मारलं होतं. देव सोडणं हे त्यांच्यासाठी पाठ ताठ करणं होतं. वस्तीतल्या एकाही माणसाचं डोकं पुन्हा कुठल्या उंबऱ्यावर टेकू नये, यासाठी त्यांनी आयुष्य घातलेलं. ते चिडले नव्हते. त्यांना रडू येत होतं आणि ते आवरत होते.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "किल्ली तुमच्यापाशी. वंदना तुमी घेता. आनं मारकंड्याले जाता. काऊन?"

"देवळात नाई जात, भाऊ. पायरीवरबी नाई. वाळूत बसतो."

"वाळूत कायले बसता?"

"भेटाले."

"कोनाले?"

आत्या म्हणाली, "नाव नाई घेता येत. माही सई हाय."

आमच्या झाडीच्या मुलखात सई म्हणजे नुसती मैत्रीण नव्हे. लहानपणी दोघी जणी एखाद्या देवासमोर, चारचौघांदेखत, एकमेकींच्या हातचा घास खातात आणि जन्माच्या बांधल्या जातात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची तीसुद्धा सई म्हणून. जात कुठलीही असो. आत्या सात वर्षांची असताना आजोबा जत्रेत ओझी वाहायला जायचे. शेजारी जंगलाकडचा एक गोंड पत्रावळी विकायला बसायचा. दोघांच्या पोरी दिवसभर वाळूत खेळल्या, संध्याकाळी वेगळ्या होईनात, म्हणून दोन्ही बापांनी त्यांची सई बांधून दिली. पुढच्याच वर्षी नागपूर झालं.

देवाजीभाऊंना हे सगळं समजावून सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "सई देवासमोर बांधली ना? देव सोडला, तं त्याच्यासमोरची गाठबी सुटली."

"देवाची सुटली, भाऊ," आत्या म्हणाली. "तिची मी नाई सोडली."

कुणीतरी मागून म्हणालं, एकीला सूट दिली तर उद्या दहा जणी जातील, आणि मग कुणाला काय म्हणायचं? ते खोटं नव्हतं. शेवटी देवाजीभाऊंनी विचारलं ते इतकंच, की किल्ली ठेवायची असेल तर मार्कंड्याला जाणार नाही असा शब्द इथे सगळ्यांसमोर द्या. आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा तुळईकडे बघत होते. दोन जिल्ह्यांत ज्यांच्या शब्दाला मान होता, बॉयलरच्या आगीसमोर जे डगमगले नाहीत, ते माझे बाबा त्या वेळी एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत आले कित्येक वर्षं, जशी काही मी तिथे नव्हतेच. मी तिथेच होते. गुंडाळलेला नकाशा मांडीवर धरून बसले होते. उठून म्हणू शकले असते की हा ठिपका चुकीचा आहे, माझ्याकडून पडला. आत्याची नजर बाबांवरून माझ्यावर आली आणि मला वाटतं तिने तिथेच ठरवलं, कारण ती लगेच म्हणाली, "बरं. नाई जात."

बाबा पहाटेच्या एसटीने निघून गेले. सकाळी आत्या पुन्हा लाखोळीवर काठी चालवत होती आणि मी समोर बसून रडत होते. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "तू इचारलं, कुठी जाता. कायले जाता, हे इचारलंच नाई, बाई." मी म्हटलं, कागदावर तशी जागाच नव्हती. ती म्हणाली, "हो. जागा नव्हती." आणि काठी चालवत राहिली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिने नव्या तांदळाची एक पुरचुंडी बांधली, जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या फडक्यात. दरवर्षी ती तांदूळ न्यायची आणि सई चारोळी आणायची. पुरचुंडी तिने माझ्यापुढे ठेवली. "मी शब्द देला," ती म्हणाली. "तुनं नाई देला."

"नाव काय तिचं?"

"नाई घेता येत, म्हनलं ना."

"गाव तरी सांग."

आत्या खरोखरच विचारात पडली. "गाव इचारलंच नाई कधी. मारकंड्यालेच भेटतो ना आमी." मग माझा चेहरा पाहून तिला माझी दया आली असावी. "तू जाय. सारे लोकं देवळाकडे तोंड करून बसले असतीन. ते रस्त्याकडे तोंड करून बसली असन."

जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एसटीच्या रांगा, भोंग्यांवरून हरवलेल्या माणसांची नावं, रोडगे भाजायच्या शेणींच्या धुरात मिसळलेला धुपाचा वास, आणि या सगळ्याच्या मागे ती काळसर दगडांची देवळं आणि उत्तरेकडे वळलेली वैनगंगा. मी दिल्लीत शिकत होते, नकाशाशास्त्रात माझा पहिला नंबर होता, आणि एका माणसाला शोधायला माझ्याकडे नाव नव्हतं, गाव नव्हतं, फक्त एक दिशा होती. वाळूवर हजारो पाठी मला दिसत होत्या. दुपार कलली तेव्हा एका पळसाच्या खुंटापाशी एक चेहरा दिसला. पन्नाशीची बाई, हातभर गोंदलेलं, मांडीवर पानाचा पुडा, आणि चामोर्शीकडून येणाऱ्या रस्त्यावरून तिची नजर हलत नव्हती. मी समोर जाऊन बसले आणि पुरचुंडी पुढे केली. तिने फडकं ओळखलं. आधी फडक्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मेली का?"

"नाही. पण ती येणार नाही आता."

"काऊन?"

दिल्लीला तोंडी परीक्षेत मला पुढे पुष्कळ कठीण प्रश्न विचारले गेले. याच्याइतका कठीण एकही नव्हता. मी म्हटलं, "माझ्यामुळे," आणि सगळं सांगितलं, ठिपके, भिंत, ओटा, शब्द. तिला त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. तिच्या बोलण्यात निम्मी गोंडी होती. ऐकून झाल्यावर तिने चारोळीचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिनं शब्द देला तं बराबर हाय. मी नाई देला. मी येईन. इथीच बसतो म्हनाव."

पुढची दोन वर्षं मी शिवरात्रीला दिल्लीहून येत राहिले. तांदूळ नेले, चारोळी आणली. आत्या काही विचारत नसे, फक्त "होती?" एवढंच, आणि मी "होती" म्हटलं की पुडा उघडून चार दाणे तोंडात टाकायची. बाबांना आम्ही सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं, कारण दुसऱ्या वर्षी गाडीखर्चाचं काही न विचारता त्यांनी माझं तिकीट स्वतःच काढून ठेवलं होतं. वैशाखात विहारात खीर झाली, देवाजीभाऊंनी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली आणि आत्याने ती भरली. ही चारोळी कुठली, एवढ्या एका वाक्यात तिला त्यांना गप्प करता आलं असतं. ते तिने कधी उच्चारलं नाही.

मग मी त्या खोऱ्यात गेले. जवळजवळ वर्षभर राहिले, एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी, अक्रोडाच्या झाडाखाली. तिथे जुन्या पासपोर्टांत पाचवी ओळ असायची; माणूस कुठल्या कौमेचा हे त्या ओळीत लिहिलेलं. ती म्हातारी सांगायची, कित्येक वर्षं ती ओळ नुसती शाई होती, कुणी वाचायचंही नाही. मग एक दिवस रस्त्यावर चौकी बसली आणि सगळे तीच ओळ वाचू लागले. गावाच्या वर एका झऱ्यापाशी दोन्ही धर्मांचे लोक नवसाच्या चिंध्या बांधायला जात. मी माझी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि विचारलं, तिथे कुणाला भेटायला जाता? उत्तरं द्यायला लोकांना अख्खी दुपार पुरत नसे. निघायच्या सुमारास तिथल्या एका कचेरीतला साहेब भेटायला आला. फार सभ्य. पळालेल्या लोकांना परत वसवायचं आहे, तुमच्याकडे घरवार नकाशा असेल तर मदत होईल, म्हणाला. कदाचित खरंच होईल, कदाचित नाही. मी त्याला नकाशा काढून दिला. त्यात नदी होती, झरा होता, अक्रोडाची झाडं होती, सगळे रस्ते होते. घर एकही नव्हतं. दिल्लीला सरांनी तो पाहिला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. त्या एका नकाशापायी माझा प्रबंध दोन वर्षं रखडला.

खोऱ्यातून परतले ती थेट शिवरात्रीला. तांदूळ घेऊन मार्कंड्याला गेले. पळसाचा खुंट होता, त्याच्यापाशी कुणी नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले, रस्त्याकडे तोंड करून. त्या वर्षी जंगलाकडच्या रस्त्यांवर नक्षली आणि पोलिसांत काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ती आजारी होती, की मेली होती, की तिला निघताच आलं नव्हतं, हे मी कुणाला आणि कसं विचारणार? भोंग्यावरून पुकारायला नाव लागतं. हजार मैलांवरच्या युद्धात कुठल्या गावातून किती कुटुंबं उठली हे मला तोंडपाठ होतं. वाळू रिकामी होत आली तेव्हा मी उठले. जत्रेतल्या एका दुकानातून चारोळी घेतली, पळसाचं पान तोडलं आणि तिच्यासारखाच पुडा बांधला.

आत्या अंगणात बसली होती. हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून, विहारात जायच्या तयारीत.

"होती?"

"होती," मी म्हटलं. माझा आवाज बरा निघाला.

तिने पुडा उघडला. चार दाणे तोंडात टाकले, चावले. मग उरलेली चारोळी तळहातावर घेऊन बोटाने हळूहळू चाळत राहिली. सई दगडावर फोडायची, तिच्या चारोळीत टरफलाचे तुकडे हमखास असायचे; खीर खाताना एखादा दाताखाली यायचाच. आत्याने सगळे दाणे चाळले आणि म्हणाली, "याच्यात टरफल नाई एकबी."

मी मान खाली घातली. ती रागावली नाही. तिने मूठ मिटली. मग दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवून म्हणाली, "एवढं खोटं तवा बोलली असती, बाई, तं."

तिने ती चारोळी डब्यात ओतली, झाकण लावलं, पदराची किल्ली चाचपली आणि उठली. वंदनेची वेळ झाली होती. मी तिच्या मागे गेले.